लायसन्स नाही? मग खिशात कोणतं कार्ड: आधार, इलेक्शन कार्ड, पॅन की पासपोर्ट

गाडी चालवत नाही म्हणून लायसन्स काढलेलं नाही, आणि कुणी 'फोटो आयडी' म्हटलं की हात आपोआप आधारकडे जातो. घरी चारही कार्डं असली तरी हे असंच होतं. आमचा सल्ला: आधार फोनमध्ये, पासपोर्ट कपाटात आणि खिशात इलेक्शन कार्ड. वय अठराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधारच, परदेशी जायचं असेल तर जोडीला पासपोर्ट.

इलेक्शन कार्ड, म्हणजे मतदार ओळखपत्र, काढायला एक रुपयाही लागत नाही. त्यावर फोटो, पत्ता, वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं आणि त्याला मुदत नसते. रेल्वेत, विमानतळावर, लॉजवर ते चालतं. खातं उघडताना ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या कागदपत्रांत ते आहे. सगळ्यात मोठा फायदा असा की त्याचा नंबर बँक खातं, सिम, गॅस अनुदान अशा दहा ठिकाणी जोडलेला नसतो. लॉजच्या रजिस्टरला लावलेली झेरॉक्स पुढे कुणाच्या हातात पडते ते आपल्याला कधीच कळत नाही. ती आधारची नसलेली बरी.

अडचण वेळेची आहे. नवीन नोंदणीचा नमुना ६ निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा बीएलओकडे, म्हणजे आपल्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, भरता येतो. सोबत फोटो, वयाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा. त्यानंतर हरकतींसाठी सात दिवस, मग पडताळणी, मग नाव यादीत, मग कार्ड स्पीड पोस्टाने. पुढच्या आठवड्याच्या प्रवासासाठी आज अर्ज करून काही उपयोग नाही. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण होतील त्या तारखेपासून नाव लागतं, आणि सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आधीच देऊन ठेवता येतो.

अर्ज अडकतात ते बहुधा पत्त्यावर. गावाकडच्या यादीत नाव असताना पुण्यात पुन्हा नमुना ६ भरला जातो, कारण 'नवीन पत्ता म्हणजे नवीन अर्ज' असं वाटतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही. पत्ता बदलायला नमुना ८ आहे. चूक दुरुस्त करायला आणि हरवलेलं कार्ड परत मिळवायलाही तोच. 'एमटी' अक्षरांनी सुरू होणारा, तिरप्या रेघांनी तोडलेला लांबलचक नंबर असलेलं जुनं कार्ड असेल तर आधी यादीत नावाने शोधा. आता नंबर तीन अक्षरं आणि सात अंक असा दहाचाच असतो. आणि हे विसरू नका: कार्ड हातात असलं तरी यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही. उलट यादीत नाव असेल तर कार्डाशिवाय आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक दाखवूनही मत देता येतं.

आधार टाळता येत नाही, तेही खरंच. १ जुलै २०२५ पासून नवीन पॅनसाठी आधार सक्तीचं आहे. त्याच तारखेपासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट काढायलाही आधारची पडताळणी लागते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आधार बिनचूक, मग बाकीचं. पुढच्या कार्डांवरचं नाव आणि जन्मतारीख बहुतेक वेळा तिथूनच उचलली जाते, आणि तिथली चूकही सोबत जाते.

ही चूक कुठे होते ते नीट बघा. केंद्रावर ऑपरेटर नाव इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी ओळ संगणक स्वतः भरतो. इंग्रजीत ळ नाही, त्यामुळे काळे यांचं काले होतं, टिळक यांचं टिलक. तुमच्या बाजूला वळवलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाचा आणि मगच पावतीवर सही करा. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. लग्नानंतर आडनाव बदललं की दोनपैकी एक संधी गेली. उरलेली काना-मात्रेच्या दुरुस्तीत घालवायची का, याचा विचार आधी व्हावा. नाव-पत्त्याच्या बदलाला ७५ रुपये, बोटांचे ठसे किंवा फोटो बदलायला १२५ रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून हे दर आहेत. नोंदणी फुकट आहे.

वयस्कर माणसांच्या आधारवर पुष्कळदा नुसतं जन्मवर्ष असतं. तेवढ्यावर आधारवरून मिळणारं फुकटचं ई-पॅन निघत नाही. त्यासाठी पूर्ण तारीख आणि जोडलेला मोबाइल नंबर दोन्ही हवेत. आणखी एक गैरसमज काढून टाका: आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये ते यादीतून काढलं.

आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या. बारापैकी शेवटचे चारच अंक त्यावर दिसतात आणि ते आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) साइटवरून उतरवता येतं. फाइलचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव तीनच अक्षरांचं असेल तर ती तीनच. आद्याक्षरानंतर टिंब असेल तर ते टिंबही मोजायचं. फाइल उघडत नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडलेलं असतं. रेल्वेत मोबाइलच्या गॅलरीतला कार्डाचा फोटो टीसी मानणार नाही. डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपच्या 'इश्यूड' विभागातलं आधार चालतं, पण स्वतः स्कॅन करून 'अपलोड' केलेलं नाही. गाडीत रेंज जाते, तेव्हा अ‍ॅप स्टेशनवरच उघडून ठेवा.

पॅनबद्दल थोडक्यात. आयकर आणि बँकेसाठी ते लागतंच, पण ओळखपत्र म्हणून ते लंगडं, कारण त्यावर पत्ता नाही. खातं उघडताना पॅन दिलं तरी ओळख आणि पत्त्यासाठी दुसरं कार्ड मागतात ते यामुळेच. कागदी अर्जावर येणारं कार्ड १०७ रुपयांत घरी येतं. अल्पवयीनांच्या पॅनवर फोटोच नसतो. हरवलं म्हणून नवा नंबर काढू नका, त्याच नंबरचं कार्ड पुन्हा मागवा. दोन नंबर सापडले तर १०,००० रुपये दंड आहे.

पासपोर्ट चौघांत सगळ्यात वजनदार. प्रौढांना ३६ पानी १,५०० रुपयांत, मुदत दहा वर्षं. तत्काळला २,००० रुपये वर. अठराच्या आत १,००० रुपये आणि मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. फक्त ओळखपत्र हवं म्हणून एवढा खटाटोप करू नये. शिवाय तो खिशात घेऊन फिरायची वस्तू नाही. हरवला तर पोलिसांत तक्रार आणि नव्यासाठी ३,००० रुपये.

परदेशी जायचा विचार असेल तर मात्र आत्ताच काढा, आणि अर्जात राहता पत्ता खरा लिहा. आधारवर सांगलीचा पत्ता, मुक्काम हिंजवडीच्या खोलीत आणि अर्जात सांगली, असं असलं की सांगलीचा पोलीस तुमच्या दाराशी येतो, तुम्ही तिथे नसता आणि अहवाल प्रतिकूल जातो. आधी आधारचा पत्ता बदला, मग अर्ज. भाडेकरार नावावर नसेल आणि घरातल्या कुणाच्या आधारवर तो पत्ता असेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन पत्ता बदलता येतो. त्यांच्या मोबाइलवर विनंती जाते आणि ती मान्य करायला त्यांना ३० दिवस मिळतात. ती राहून गेली तर विनंती रद्द होते आणि भरलेले पैसे परत येत नाहीत, म्हणून पाठवल्या पाठवल्या त्यांना फोन करून सांगा.