दोन महिन्यांचा कीटो की कायमचा मोजका भात?

कीटो म्हणजे वजन उतरवण्यासाठीचा अगदी कमी कर्बोदकांचा आहार; त्यात दिवसभराची कर्बोदकं साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवतात. पहिल्याच आठवड्यात काटा झरझर खाली येतो, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे यकृतात-स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत, सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं; साठा संपला की ते निघून जातं. पोळी-भात सुरू झाला की तेही परत येतं. शिवाय पुण्यात दोन महिने म्हणजे एखादं लग्न आणि रविवारची मिसळ आलीच. पाव न घेता मिसळ खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरा मार्ग सैल आहे. दिवसाला 100 ते 130 ग्रॅम कर्बोदकं. दोन लहान पोळ्या, भात एखाद दिवशी, ताटाचा अर्धा भाग मंडईतल्या मेथी, दोडका, गवारीचा, सोबत अंडी, पनीर किंवा मासे. घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, हे मला यातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

इथे फसगत होते ती भाकरीत. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातही जवळपास 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे पोळीऐवजी तेवढीच भाकरी घेतली तर हिशेब फारसा बदलत नाही. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थीला दाण्याची आमटी, दही, काकडी बरी.

मला दुसराच मार्ग पटतो. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दोन्हींपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. साखर एकदम खाली जाऊ शकते.