गॅरेजमधल्या बर्फाच्या पाण्यावर 'कायमचा इलाज' आणि आमची फसवणूक

बर्फातून गाडी आत आणली की चाकांवरच्या खोबणीत, मडगार्डच्या मागे, टपावर साठलेला बर्फ रात्रभर वितळत राहतो. त्याचं पाणी किती होतं, हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. ताजा भुसभुशीत बर्फ 10 सेंटिमीटर असला तर त्याचं साधारण 1 सेंटिमीटर पाणी होतं. मोठ्या गाडीच्या अंगावर तेवढा थर असेल, तर ते 80 लिटरच्या घरात जातं. चार मोठ्या बादल्या! शिवाय त्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं. ते कोब्यात मुरतं, मुरलेलं पाणी थंडीत गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं आणि कोबा वरून खपल्याखपल्यांनी सुटतो.

आमचा सुटू लागलाच होता. त्या काळजीपोटी जमिनीवर इपॉक्सीचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेचा लेप देणाऱ्या एका कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, "एकदा इपॉक्सीचा थर मारला की पाणी आपोआप दाराकडे निघून जाईल. गाडीखाली काही अंथरायचीसुद्धा गरज नाही." यातलं पहिलं वाक्य धडधडीत खोटं होतं. कागदाइतका पातळ थर ढाळ बदलत नाही. जिथे खळगा होता तिथे खळगाच राहतो. पण बोलणारा माणूस ठाम होता आणि आम्हाला इलाज हवा होता.

कोबा मशीनने घासून घेईन, मग दोन भाग मिसळून करायचं इपॉक्सी लावेन, असं त्याने तोंडी सांगितलं. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. संध्याकाळी परत आलो तर जमीन आरशासारखी चकचकीत. कोबा मशीनने घासला की बारीक धूळ उडते, कितीही झाकलं तरी थोडीफार कुठे ना कुठे बसतेच. आमच्या उघड्या फळ्यांवर कणभरही नव्हती. ते मला त्याच दिवशी दिसलं, आणि काम किती स्वच्छ केलं म्हणून मी त्याचे आभार मानले. कचऱ्यात टाकलेले डबेही एकाच प्रकारचे होते. खऱ्या इपॉक्सीला राळेचा डबा वेगळा आणि ती कडक करणाऱ्या हार्डनरचा वेगळा. हे तेव्हा माहीत असतं, तर उरलेले पैसे त्या संध्याकाळी दिलेच नसते.

हिवाळा सुरू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात चारही चाकांखाली पोपडे निघाले. गाडी हलवली की टायरला चिकटून रंग वर येई. एक पोपडा उलटा करून पाहिला. मागची बाजू गुळगुळीत, वर पिठासारखी राखाडी भुकटी. थर कोब्याला नीट धरलेला असता, तर ओढून काढताना काँक्रीटचे कण सोबत उपटून आले असते. इथे तो नुसत्या धुळीवर बसला होता. ओलावा तपासायची साधी रीत आहे: दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवायचं आणि खाली ओल धरते का पाहायचं. तेही त्याने केलं नव्हतं.

फोन केला तर उत्तर मिळालं, "मिठामुळे झालं, मीठ हमीत येत नाही." पावती काढून पाहिली. खालच्या बारीक ओळीत 'साचलेलं पाणी व मीठ वगळून' असं खरोखरच लिहिलं होतं. ज्या गोष्टीसाठी काम करून घेतलं, नेमकी तीच वगळलेली! त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पोपडे, फोटो आणि पावती जोडून आम्ही तक्रार दिली आहे. निकाल अजून नाही.

म्हणून कळकळीने सांगते: कोबा कशाने घासणार, माल कोणता, हमीत काय वगळलं आहे, हे कागदावर येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. घासताना घरातलं कुणीतरी हजर असू द्या. आणि कुणी 'पाणी आपोआप जाईल' म्हणालं, तर त्याच्यासमोर बादलीभर पाणी ओता.

दुसऱ्या कारागिराने आल्याआल्या तेच केलं. पाणी दाराकडे न जाता सरळ आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात गेलं. तो म्हणाला, मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर ढाळ दाराकडे हवा, तो आधी करू, थराचं नंतर बघू. कोबा पूर्ण सुकेपर्यंत ते काम होणार नाही. तोवर आम्ही गाडी आत घेण्याआधी झाडूने बर्फ पाडतो, खाली उंच काठांची चटई अंथरली आहे, आणि सकाळी वायपरने पाणी ओढून बादलीत भरतो.