कोथरूडमधलं मांजरांचं बोर्डिंग, आमच्या बंड्याचे 11 दिवस

आमचा बोका 4 वर्षांचा, डॉक्टरांच्या फाईलवर नाव ऑस्कर, मुलीने हौसेने ठेवलेलं, पण आई पहिल्या दिवसापासून बंड्याच म्हणते आणि तो येतो तोही फक्त बंड्या म्हटल्यावर. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी ठेवला तेव्हा आम्ही फॉर्मवर ऑस्कर लिहून दिलं आणि तिथे तर सगळ्याच मांजरांना बेबी बेबी करायचे, 8 दिवस हा कपाटामागे बसून राहिला, खाणं अर्ध्यावर आलं, घरी आणला तेव्हा पाठीची हाडं हाताला लागत होती. फार वाईट वाटलं होतं.

इथे कोथरूडला बोर्डिंग चालवणाऱ्या ताईंनी पहिलंच विचारलं, घरी कोण काय हाक मारतं? मग आईची व्हॉइस नोट मागून घेतली, जेवायला बोलवताना मारते तश्शीच हाक, "बंड्याऽऽ, ये रे बाळा". दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला, ताई आईच्याच चालीत हाक मारतायत आणि ह्याचा आधी एक कान वळला, मग मान, मग उठून आला. आईने तो व्हिडिओ गावाला सगळ्यांना दाखवला.

जपानमध्ये अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हेच तपासलं होतं, मांजराला आधी नावाएवढ्याच लांबीचे चार शब्द ऐकवायचे आणि मग त्याचं नाव, शब्दांकडे लक्ष देईनासं झालेलं मांजर नाव ऐकलं की कान किंवा मान हलवतं. पण कॅट कॅफेतल्या, म्हणजे जिथे खूप मांजरं एकत्र राहतात आणि गिऱ्हाइकं त्यांच्यासोबत बसायला येतात तिथल्या, मांजरांना आपलं नाव आणि सोबतच्या मांजराचं नाव वेगळं ओळखता आलं नाही. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणूनच मी सगळ्यांना एकदम हाका मारत नाही, एकाचं नाव घ्यायचं आणि त्याचीच वाटी ठेवायची. मला हे फार म्हणजे फार आवडलं.

आता "बंड्या म्हणजे मी" असं त्याच्या मनात असतं का, ते त्या प्रयोगातूनही सिद्ध होत नाही. पण हा आवाज आला की आपल्यासाठी काहीतरी आहे एवढं त्याला पक्कं कळतं, आणि परक्या खोलीत घरचं असं त्याच्याजवळ तेवढंच असतं ना. मायक्रोचिप आहे त्याला, 15 आकडी नंबर, हरवला तर शोधायला आपल्याला उपयोगी, त्याला त्या नंबरचं काय.

बाकी, दिवसाला 500 रुपये, खाणं आपलं. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय घेत नाहीत, ते बरंच आहे. दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, बास्केट घेऊन चढताना आईला त्रास झाला, पार्किंगही नाही, आणि दुपारी 2 ते 5 फोन उचलत नाहीत. जागा 8 च मांजरांची आहे त्यामुळे दिवाळीचं आत्ताच विचारून ठेवा, आणि फॉर्मवर फाईलवरचं नाव नको, घरची हाक लिहा.