तीन भिंती, एकच दरपत्रक : एसी बसवताना आमचे ६८,००० रुपये कसे गेले

मार्च २०२५ मध्ये आम्ही तीन ठिकाणी दीड टनाचे तीन इन्व्हर्टर एसी बसवून घेतले. सदाशिव पेठेतल्या वाड्यातली माडीवरची खोली, वाकडचा मायवान बांधणीचा (साच्यात काँक्रीट ओतून भिंती घडवलेला) फ्लॅट आणि राजापूरकडचं जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर. यंत्रं दुकानातून घेतली होती, त्यात काही गडबड नाही. फसवलं ते बसवणाऱ्या ठेकेदाराने. बिल ६८,९९० रुपयांचं, ९९० 'सूट' दिली, ६८,००० घेतले. ४५,००० यूपीआयने, २३,००० रोख. रोख दिलेल्याची पावती नाही. तिथेच आमची अर्धी बाजू कमकुवत झाली, म्हणून आधी सांगते: एक रुपयाही रोख देऊ नका.

तिन्ही घरांना एकच माणूस का, असं ज्याने त्याने विचारून झालंय. कारण साधं होतं. कंपनीच्या फिटरने वाड्याची मातीची भिंत बघून हात वर केले आणि कोकणात यायला तो तयारच नव्हता. हा ठेकेदार म्हणाला, तिन्हीकडे मी जातो, काही झालं तर जबाबदार माणूस एकच. घरात म्हातारी माणसं आणि मार्चमध्येच उकाडा. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं, आणि अजूनही वाटतं की तो विचार चुकीचा नव्हता, माणूस चुकीचा होता.

पण त्याचं दरपत्रक फोनवर आलं तेव्हाच थांबायला हवं होतं. कोकणातलं घर त्याने पाहिलेलंही नव्हतं, आणि तरी तिन्ही घरांसमोर ओळ तीच: 'कोअर कटिंग १ नग, २,४०० रुपये'. कोअर कटिंग म्हणजे हिऱ्याच्या दातांचं नळकांडं पाणी सोडत फिरवून काँक्रीटला गोल भोक पाडणं. वाड्याच्या दोन फुटी माती-विटांच्या भिंतीत ते यंत्र लावायचंच नसतं, पाण्याने भिंत ढासळते. तिथे छिन्नीने हळूहळू भोक पाडून लगेच पीव्हीसीचा तुकडा आत बसवतात, नाहीतर माती गळत राहते. चिरा मऊ आणि सच्छिद्र, तोही छिन्नीने निघतो. उरली वाकडची सहा इंची आरसीसी भिंत. तिथे कोअर मशीन खरंच लागू शकतं, पण मायवानमध्ये भिंतीच इमारतीचा भार घेतात, म्हणून बिल्डर बहुतेक वेळा एसीसाठी स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला भिंतीत पीव्हीसीची नळी, आधीच सोडतो. आमच्याकडेही होती, थर्माकोलने बुजवून वर पुट्टी मारलेली. ठेकेदाराच्या पोऱ्याने ती फोडली आणि बिलात कोअर कटिंग लागलं. जुलैमध्ये दुसऱ्या माणसाने इनडोअर युनिट उतरवलं तेव्हा भोकाच्या कडेला करड्या पीव्हीसीची गोल कड स्वच्छ दिसली, आत थर्माकोलचे दाणे चिकटलेले. तिन्ही भिंतींत मिळून कोअर कटिंग शून्य, पैसे ७,२००. तुमच्या फ्लॅटमध्ये एसीच्या जागेच्या आसपास भिंतीवर बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की स्लीव्ह आहे. बिल्डरच्या नकाशातही ती दाखवलेली असते.

इनडोअर आणि आउटडोअर जोडणाऱ्या तांब्याच्या पाइपाची लूट सगळ्यात मोठी. दर २९० रुपये फूट. हा दर जाड आणि बारीक अशा जोडीचा असतो, इतकं आम्हाला माहीत होतं. बिलात वाडा ४२ फूट, वाकड २६, राजापूर ३८, एकूण १०६ फूट, ३०,७४० रुपये. नंतर टेप लावून मोजलं तर २१, १३ आणि १९. नेमकं दुप्पट. दोन्ही पाइप वेगळे मोजून जोडीचा दर लावला. आकडा त्याने सांगितला तो पाइपावर इन्सुलेशन आणि टेप चढवून, भोक बुजवून झाल्यावर. १५,३७० रुपये इथे गेले. शिवाय प्रत्येक यंत्राच्या खोक्यात तीन मीटरचा पाइप आला होता. 'छोटा पडतो, जोड नको' म्हणून तो बाजूला ठेवला आणि जाताना तिन्ही वेटोळी घेऊन गेला. ती वेटोळी आम्ही मागायला हवी होती. पाइप आपल्या डोळ्यांसमोर, कापायच्या आधी, जमिनीवर सरळ पसरून मोजायचा आणि आकडा तिथेच कागदावर सही करून घ्यायचा.

आणि जो पाइप लावला तो कसला? दीड टनाला साधारण पाव इंची आणि अर्धा इंची जोडी लागते, भिंत ०.८ मिलिमीटर जाडीची. अशी जोडी मीटरला सुमारे ३९० ग्रॅम भरते. वाड्यातला २१ फूट, म्हणजे ६.४ मीटर पाइप काढून, वरचं फोम सोलून, भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला तर भरला १ किलो ६२० ग्रॅम. व्हायला हवा होता अडीच किलो. म्हणजे जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. हा पाइप तो अंगठ्याने वाकवत होता, बेंडर न वापरता, आणि आम्ही त्याच्या हाताच्या सफाईचं कौतुक करत होतो! पातळ पाइपाचा फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं कर्ण्यासारखं तोंड, आवळताना चिरतं. गॅसचा दाब आणि कॉम्प्रेसरची थरथर, दोन महिन्यांत चीर उघडते. नटाभोवती तेलकट काळपट डाग दिसला की तिथून गॅस जातोय असं समजा, कुणी काहीही सांगो. पाइप घ्यायच्या आधी वेटोळ्यावर छापलेली जाडी वाचा, छाप नसेल तर वजन करा. स्वयंपाकघरातला काटासुद्धा चालतो.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. वाड्याच्या गॅलरीत आउटडोअर बसलं होतं. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं: 'व्हॅक्युमसह फिटिंग, १,८०० रुपये'. पिशवीत व्हॅक्युम पंप, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारं यंत्र, नव्हता. पंप पाच-सात किलोचा असतो, लपत नाही. त्याने एल-कीने बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह थोडा उघडला, जाड पाइपाचा नट पान्याने सैल केला, आणि फुस्स असा आवाज आला. पाच-सहा सेकंद. नट आवळला. 'हवा गेली.' आम्ही एका हाताच्या अंतरावर उभे होतो. पंप कुठाय, एवढे दोनच शब्द विचारायचे होते. विचारले नाहीत, कारण तो घाईत होता आणि आम्हाला चिकित्सक ठरायचं नव्हतं.

त्या आवाजात यंत्राचाच गॅस बाहेर जात होता. असं केल्याने पाइपातली सगळी हवा निघत नाही आणि ओल तर अजिबात निघत नाही. आर-३२ गॅसच्या यंत्रातलं तेल ओल शोषतं, त्यातून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो. उरलेल्या हवेने दाब चढतो, वीज जास्त जाते. त्यात आर-३२ थोडा ज्वलनशील, तो लाकडी वाड्याच्या गॅलरीत असा सोडायचा! नीट पद्धत म्हणजे पंप लावून निदान १५-२० मिनिटं व्हॅक्युम, व्हॅक्युम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर आकडा ५०० च्या खाली, पंप बंद करून आकडा चढत नाही ना हे बघणं, आणि मगच व्हॉल्व्ह उघडणं. पंप नसेल तर फिटरला दारातूनच परत पाठवा.

गॅसचं तर विचारूच नका. 'पाइप लांब आहे, गॅस जास्त लागतो' म्हणून प्रत्येकी २,८००, एकूण ८,४००. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय: पाच मीटरपर्यंत जास्तीचा गॅस लागत नाही, पुढे मीटरला २० ग्रॅम. हिशेब केला तर वाड्याला २८ ग्रॅम, राजापूरला १६, वाकडला शून्य. तिन्ही घरांचे मिळून ४४ ग्रॅम, आणि तेही भरले नाहीत. दाब दाखवणाऱ्या गेजची सुई मात्र वर जाताना दाखवली. ती युक्ती आता कळते. यंत्र चालू असताना आर-३२ चा जाड पाइपातला दाब साधारण १२०-१४० पीएसआय असतो. मदतनिसाने आतून रिमोटने यंत्र बंद केलं की थोड्या वेळात सुई अडीचशेच्या पुढे जाते, गॅसचा एक थेंब न भरता. हा दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, आत गॅस किती यावर नाही. म्हणून सुई बघू नका. सिलिंडर भरण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवायला सांगा, फरकाचेच पैसे द्या.

राजापूरला कौलांखालच्या 'इन्सुलेशन'चे १४,४०० घेतले, १६० चौरस फूट, ९० रुपये दराने. ठरलं होतं १० मिलिमीटर फॉइल लावलेलं फोम, लागली चार मिलिमीटरची बुडबुड्यांची शीट, जोडांना टेप नाही. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामधली वळचणीची फट तशीच उघडी. मंगलोरी कौलांच्या खोलीला आधी सीलिंग लागतं, फळ्यांचा माळा किंवा पीव्हीसी काहीही, आणि वळचण बंद करावी लागते. त्याशिवाय दीड टन काय, दोन टनही पुरत नाही, थंड हवा सरळ रानात जाते. हे जाणणाऱ्या माणसाने काम घेतानाच सांगायला हवं होतं. आउटडोअरचा स्टँड त्याने चिऱ्यात साध्या अँकर बोल्टने ठोकला, चिऱ्यात तो फुलत नाही, नुसता भुगा होतो. आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी पट्टी लागते. नाहीतर जमिनीवर जोतं घालून त्यावर ठेवायचं, कोकणात तेच बरं.

वाड्यात इनडोअरची पट्टीसुद्धा मातीत प्लॅस्टिकचे गट्टू ठोकून बसवली होती. तिथे लाकडी खांबाला प्लाय बांधून त्यावर पट्टी घ्यायची असते. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, याचा आत झाला. दोन महिने ड्रेनचं पाणी मातीच्या भिंतीत मुरलं, पोपडे सुटले. वायरही जुन्याच बोर्डातून ओढली. वेगळी चार स्क्वेअर एमएमची लाइन, २० अँपिअरचा एमसीबी आणि खरं अर्थिंग, हे नसेल तर वाड्यात एसी लावूच नका.

मे महिन्यात वाड्याचा गारवा गेला. मग सुरू झाली दारोदारची फिरफिर. यंत्राची कंपनी म्हणाली, फिटिंग आमच्या माणसाने केलेलं नाही, वॉरंटी बसत नाही. ज्या ॲपवर हा सापडला त्यांचं उत्तर: पैसे ॲपबाहेर दिलेत. पोलीस चौकीत तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात, दुसऱ्यांदा 'काम तर झालंय ना, मग फसवणूक कसली', तिसऱ्यांदा 'दिवाणी बाब आहे, वकील बघा'. राजापूरच्या कामाची तक्रार राजापूरला करा, असंही ऐकवलं, म्हणजे एका बिलाचे तीन तुकडे करून तीन ठिकाणी नाचायचं. त्या पातळ पाइपाचं वजन काट्यासह फोटोत दाखवलं तर फोटो बघायची तसदी घेतली नाही. ऑनलाइन तक्रार टाकली, १९ दिवसांनी संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. कुणी केलं, काय केलं? एकही फोन नाही. पुन्हा टाकली, पुन्हा तसंच बंद केली. पगार घेणाऱ्या माणसाने निदान एकदा विचारावं की पैसे मिळाले का! हाच ठेकेदार त्या काळात शेजारच्या पेठेत दुसरीकडे बसवत होता, हे सांगूनही कुणी हललं नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हे चौकीत कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. कागद लागतात: कोटेशनचे संदेश, यूपीआयच्या नोंदी, मोजमापाचे फोटो, दुसऱ्या फिटरचा लेखी अहवाल. जुना पाइप भंगारात देऊ नका, तो पुरावा आहे. इन्सुलेशन बाजूला ठेवूनसुद्धा पाइप, कोअर आणि गॅस मिळून आमची मागणी ३०,९७० ची उभी राहते.

वाड्याच्या दुरुस्तीला १०,०२५ लागले: साडेसहा मीटर नवा पाइप ६,८२५, व्हॅक्युम करून वजनावर गॅस ३,२००. वाकडचं यंत्र चालतंय, पण पाइप तोच पातळ आहे, तो उन्हाळ्याआधी बदलायचाय. वाड्याची भिंत अजून ओली आहे. पूर्ण वाळल्याशिवाय गिलावा धरणार नाही, असं गवंड्याने सांगितलंय, तेव्हा ते काम दिवाळीनंतर.