कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आणलेली ग्रॅनाईट कापायची चकती नकली निघाली, घेताना हे बघून घ्या

घराचं काम काढलेल्या सगळ्यांनी हे वाचा, कारण आमच्या पाचगावच्या घराच्या कामात एका दुकानदारानं आम्हाला सरळ गंडवलंय आणि तोच माल अजून विकला जातोय.

काम लेबर रेटनं दिलेलं, मटेरियल आमचं. ओट्याला काळा ग्रॅनाईट, हॉलला व्हिट्रिफाईड टाईल. मिस्त्रींनी मार्बल कटरच्या डायमंड चकत्या सांगितल्या म्हणून लक्ष्मीपुरीत गेले, तर तिथल्या दुकानदारानं नावाजलेल्या कंपनीच्या बॉक्समधनं काढून दिल्या, म्हणाला ताई ही सगळ्याला चालते, ग्रॅनाईट टाईल कडाप्पा, डोळे झाकून न्या. पक्कं बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडा लिहून दिला.

ग्रॅनाईटवर वीतभर चालली आणि नुसता जळका वास. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, ही कापंना झालीया." दुकानदाराला फोन केला तर म्हणे ग्लेज झालीय, म्हणजे कड गुळगुळीत झालीय, सिमेंट ब्लॉकवर चालवा. हा उपाय खरा आहे बरं का. कडक दगडात हिऱ्याचे कण बोथट होतात पण त्यांना धरून ठेवणारा धातू झिजत नाही, त्यामुळं नवे कण वर येत नाहीत. खरखरीत ब्लॉक तो धातू झिजवतो आणि चकती परत कापायला लागते. म्हणूनच ग्रॅनाईट-व्हिट्रिफाईडला मऊ बाँडची, म्हणजे कण धरणारा धातू मऊ असलेली चकती लागते आणि सिमेंट ब्लॉकसारख्या मालाला कडक बाँडची, 'सगळ्याला चालते' म्हणणाऱ्यावर तिथंच संशय घ्या. आमची ब्लॉकवर चालवली तरी काही फरक नाही.

मग मिस्त्रींनी त्यांची जुनी वापरलेली चकती बॅटरीच्या उजेडात धरून दाखवली, कडेला साखरेसारखे बारीक कण चमकत होते आणि प्रत्येक कणाच्या मागं धातूची छोटीशी शेपटी राहिलेली. आमच्या चकतीवरचा सोनेरी रंग खिळ्यानं खरवडला तर खाली गुळगुळीत लोखंड, कण नावाला नाही. दुसरी लावली तिचा तर एक दात चालू कटरवरनं उडाला आणि भिंतीच्या प्लास्टरचा टवका काढून गेला. कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो, तो दात कुणाच्या डोळ्यात गेला असता तर? मला अजून राग येतो.

घेताना बॉक्सवर जाऊ नका, चकती हातात घ्या. तिच्यावरच साईज, भोक, जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) आणि फिरायच्या दिशेचा बाण असायला पाहिजे, आमच्या बॉक्सवर सगळं होतं, चकतीवर काहीच नाही. तो आरपीएम तुमच्या कटरवर लिहिलेल्यापेक्षा कमी नको. मार्बल कटरला बहुतेक २० एमएमचं भोक लागतं, ४ इंची ग्राइंडरला १६, सैल बसत असेल तर घेऊच नका. टाईलची कड उडू नये म्हणून अखंड कडेची घ्या आणि पाणी सोडून कापा, धूळही कमी होते, ती छातीला फार वाईट. दगडाला दातेरी चालते. आणि लोखंड कापायची ती पातळ काळी चकती दगडाला म्हणून दिली तर परत करा, अशा काळ्या चकत्यांत दगडाच्या चकतीवर सी अक्षर असतं, लोखंडाच्या ए, शिवाय त्यांच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर एक्सपायरी छापलेली असते ती बघा.

परत द्यायला गेले तर म्हणाला वापरलेला माल परत घेत नाही. चकत्या, बॉक्स, चिठ्ठी सगळं जपून ठेवलंय आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकलीय. तुमच्याकडं असं झालं असेल तर तुम्हीही टाका, आणि पक्कं बिल दिल्याशिवाय पैसे काढू नका.