जुलाबाच्या साथीत पारखलेला वृद्धाश्रम : आर्वी तालुक्यातील एका संस्थेविषयी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एका खेड्यालगत असलेल्या वृद्धाश्रमात माझी आई राहते. पुढे काही त्रुटीही लिहायच्या असल्याने संस्थेचे नाव देत नाही. खोल्या, बाग, भजन-हरिपाठ यांविषयी मला फारसे सांगायचे नाही. पोटाचा संसर्ग आत शिरू नये आणि शिरलाच तर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊ नये यासाठी तिथे काय केले जाते, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. घरात तरुण माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर तो चौथ्या दिवशी कामाला लागतो. ऐंशीच्या घरातील माणसाला मात्र तहान लागल्याचे कळत नाही, त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असते, आणि एका रात्रीत मूत्रपिंडावर ताण येण्याइतके पाणी शरीरातून निघून जाते. शिवाय शौचालय सामाईक, जेवणाची पंगत सामाईक आणि उठवणारे-बसवणारे हातही तेच.

आपल्याकडे पावसाळा लागला की पहिली शंका पाण्यावर घ्यावी लागते. २०२२ च्या जुलैत मेळघाटातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित विहिरीच्या पाण्याने जुलाबाची साथ येऊन माणसे दगावली, ते विदर्भात कोणी विसरलेले नाही. या आश्रमात नळयोजनेचे पाणी टाकीत पडते, आणि ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले असेलच असे गृहीत न धरता टाकीतील पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे का हे पाहण्याची चाचणी, रोज सकाळी तिथेच केली जाते. चाचणीच्या औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजायचे. नेहमीच्या दिवसांत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आणि साथीच्या दिवसांत ०.५ मिलिग्रॅम हा मापदंड व्यवस्थापकांनी भिंतीवर लिहून ठेवला आहे. माठात पेला बुडवण्याची सक्त मनाई असून लांब दांड्याचे ओगराळे साखळीने बांधलेले आहे. तरीही एखादा हात जातोच, आणि मग स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज येतो, "आबाजी, माठाले हात नोका लावू जी, म्या देतो न पानी."

गेल्या पावसाळ्यात पाण्याचा काहीही दोष नसताना आश्रमात ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, आणि या संस्थेची खरी पारख तेव्हा झाली. एकाच दिवशी दोन आजींना त्रास झाला. योगायोग समजून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता व्यवस्थापकांनी त्याच दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले, शौचाचे नमुने दिले, दोघींना एका खोलीत हलवून त्यांच्यासाठी एक शौचालय राखून ठेवले आणि त्या खोलीत जाणाऱ्या मावशींना इतर खोल्यांत व स्वयंपाकघरात जाण्यास बंदी केली. पंगत बंद झाली, ताटे खोल्यांत गेली, भजन थांबले, नवीन प्रवेशही थांबवले. ओकाऱ्यांनी सुरुवात होणे, एक-दोन दिवसांत आराम पडणे आणि भराभर पसरणे यावरून हा नोरोव्हायरससारखा विषाणू असावा, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. अशा विषाणूवर प्रतिजैविक गोळ्यांचा काहीच उपयोग नसतो. उलट म्हाताऱ्या माणसाला विनाकारण दिलेल्या प्रतिजैविकांमुळे आतड्यातले नेहमीचे जीवाणू मरून क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल नावाच्या जीवाणूचा हट्टी जुलाब मागे लागू शकतो. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिथे कोणालाही 'जुलाब बंद करणारी' गोळी मिळाली नाही, आणि हे मला फार योग्य वाटले. भर होता तो जलसंजीवनीवर (ओआरएस). १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले, त्याच उपायाचे हे पाकीट आज कोणत्याही आशाताईंकडे मिळते. पूर्ण पाकीट मोजून एक लिटर पाण्यात घालायचे आणि चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे, ही शिस्त तिथे पाळली गेली. पाजण्याची पद्धतही चमच्या-चमच्याने, आणि प्रत्येक आजींनी किती घेतले व लघवी कितीदा झाली याची नोंद खाटेजवळच्या वहीत.

ओकारी पुसण्याचे काम मी दारातून पाहिले आणि ते सविस्तर लिहिण्यासारखे आहे. मावशींनी हातमोजे व मास्क घातले, आधी जुन्या वर्तमानपत्राने सगळी घाण टिपून पिशवीत बांधली, फरशी साबणाच्या पाण्याने पुसली, आणि मगच त्यावर ब्लीचिंगचे पाणी ओतून दहा मिनिटे तसेच राहू दिले. घाण तशीच असताना वरून ब्लीचिंग ओतले तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो, हे त्यांना कोणीतरी नीट समजावले होते. तेहतीस टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे लिटरला साधारण पंधरा ग्रॅम हे प्रमाण ओकारी व शौचासाठी ठरलेले असून ते पाणी रोज ताजे केले जाते. संडास साफ करण्याचे आम्ल त्यात कधीही मिसळायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो, हेही मावशींनी न विचारता सांगितले. खराब चादरी झटकल्या गेल्या नाहीत; त्या गुंडाळून थेट उकळत्या पाण्याच्या पातेल्यात गेल्या. दारोदारी सॅनिटायझरच्या बाटल्या लावून स्वच्छतेचा देखावा करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, पण नोरोव्हायरसवर अल्कोहोल पुरेसे चालत नाही आणि डिफिसाइलच्या बीजाणूंवर तर मुळीच नाही. येथे प्रत्येक शौचालयाबाहेर नळ, साबण आणि सुकवलेले स्वच्छ फडके आहे, आणि आजी-आबांनाही बाहेर येताना हात धुवायला लावले जाते.

या संस्थेतील ज्या एका गोष्टीसाठी मी सर्वाधिक गुण देईन, ती मात्र साबण किंवा ब्लीचिंगशी संबंधित नाही. आजारी पडलेल्या मावशींना जुलाब-ओकारी थांबल्यानंतरचे ४८ तास घरी राहायला सांगितले जाते, आणि त्या दिवसांची मजुरी कापली जात नाही. या बाया आसपासच्या खेड्यांतून येतात, हंगामात कापूस वेचून दोन पैसे जोडतात. एक दिवस बुडाला तर घरचे गणित बिघडते. मजुरी कापली जात असेल तर पोट बिघडलेले कोण सांगेल? तीच बाई मग भाकरी थापेल, तीच आजींना घास भरवेल. साथ आटोक्यात येण्याचे मोठे श्रेय मी या नियमाला देतो, आणि इतर आश्रमांच्या विश्वस्तांनी तो जसाच्या तसा उचलावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा नियम देणगीदारांना थोडा रुचत नाही. पितृपक्षात, वाढदिवसाला किंवा भंडाऱ्यानंतर लोक श्रद्धेने शिजलेले अन्न घेऊन येतात. दुपारपर्यंत गाडीत बसलेला मसालेभात आणि बासुंदी. आश्रम ते नम्रपणे नाकारतो आणि कोरडा शिधा मागतो. कोणाचे मन दुखावले तरी चालेल, हा निर्णय बरोबरच आहे.

आता त्रुटी. साथीच्या पहिल्या दिवशी आरोग्य केंद्राला कळवले गेले, पण आम्हा नातेवाइकांना निरोप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, आणि तोवर दोन कुटुंबे नातवंडांसह भेटून गेली होती. ब्लीचिंग पावडरचा डबा न्हाणीत, ओल्या जागी आणि सैल झाकणाचा होता. अशा पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि मग पंधरा ग्रॅमचे प्रमाण नुसते कागदावर राहते. सांगितल्यावर डबा बदलला गेला. एका आबांच्या पातळ शौचाला साथच समजून त्यांना वेगळे ठेवले, प्रत्यक्षात आतड्यात घट्ट मळाचा खडा अडकून त्याच्या बाजूने पातळ शौच झिरपत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसांत असे होते, आणि ते तपासायला दोन दिवस लागायला नको होते.

सर्वांत गंभीर उणीव रात्रीची आहे. रात्री एकच मावशी असतात आणि पहाटेचा चहा-उपमाही त्यांनाच करावा लागतो. दिवसा आजाऱ्यांकडे व स्वयंपाकघरात वेगवेगळे हात ठेवण्याची जी काळजी घेतली जाते, ती पहाटे चार वाजता मोडते. दुसरी बाई शोधत असल्याचे व्यवस्थापक सांगतात. हिंडत्या-फिरत्या, स्वतः शौचाला जाऊ शकणाऱ्या वृद्धांसाठी हा आश्रम मी निःशंकपणे सुचवीन. अंथरुणावरच सर्व काही करावे लागणाऱ्यांच्या घरच्यांनी मात्र रात्रीची दुसरी नेमणूक झाली की नाही, हे आधी विचारून घ्यावे.