२१ दिवसांची गॅरंटी आणि माझे ३७ हजार

आधी हिशोब सांगते, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. कुत्रीच्या ट्रेनिंगचे २८,०००. ‘किट’चे ३,५००. न्यायच्या-आणायच्या गाडीचे १,५००. आणि ‘मॅडम, ती हीटवर, म्हणजे माजावर आलीये, वेगळं ठेवावं लागेल’ याचे ४,०००. झाले ३७,०००. एवढ्या पैशांत आमची खारी काय शिकून आली, तर झोपायच्या जागेवरच शी करायला.

खारी म्हणजे आमची लॅब्रॅडॉर. बेकरीतल्या खारीचा रंग, म्हणून मुलाने ठेवलेलं नाव. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची जर्मनीला बदली झाली आणि ७ महिन्यांची खारी जूनमध्ये आमच्याकडे, पुण्यात सिंहगड रोडवर तिसऱ्या मजल्यावर आली. ‘सगळं शिकवलेलं आहे’ असं सांगून दिली होती. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांचं बैठं घर होतं, मागचं दार दिवसभर उघडं, ती आपली आपण अंगणात जाऊन यायची. अंगण नसलेल्या घरात काय करायचं हा प्रश्न तिला तोवर कधी पडलाच नव्हता.

आमच्याकडे आल्यावर पडला. दिवसातून सात-आठ वेळा सू. थोडी थोडी, पण कुठेही. पायपुसण्यावर, दप्तरावर, समोरच्या काकांच्या दारात. मी फिनेलने पुसायचे, ती तासाभराने तिथेच. शिवाय आम्ही दोघं कामाला आणि मुलगा शाळेत गेला की तिचं दुसरं काम सुरू. सोफ्याची कड गेली, रिमोट गेला, दाराच्या चौकटीचा खालचा भाग गेला. सासूबाई दुपारी खालच्या मजल्यावर भजनाला जायच्या, तेवढ्या दीड तासात तिने त्यांच्या पेटीचा भाता फाडला. चाळीस वर्षं जपलेली पेटी. आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या झोपाळ्यावर जाऊन बसल्या. त्या न बोलण्याचा मला जास्त त्रास झाला.

आठवड्याभरात सोसायटीच्या फळ्यावर हस्ताक्षरात सूचना लागली: ‘कुत्र्यांनी व त्यांच्या मालकांनी जिन्याचा उपयोग जिना म्हणूनच करावा.’ इमारतीत कुत्रं एकच. मालकही आम्हीच.

अशा अवस्थेत रात्री अकराला फोन बघत असताना कुत्र्यांच्या एका ट्रेनरचं रील समोर आलं. हिरवंगार लॉन, बाजूला प्लास्टिकची लाल खुर्ची, आणि एक लॅब्रॅडॉर बोट वर केलं की बसतेय, खाली केलं की आडवी होतेय. ‘२१ दिवसांत रिझल्ट, नाहीतर पैसे परत.’ सकाळी फोन केला, संध्याकाळी तो घरी हजर. काळा टी-शर्ट, पाठीवर इंग्रजी अक्षरं, मिलिटरीच्या कुत्र्यांवर काम केल्याच्या गोष्टी. त्याने खिशातून साखळीचा गळफास पट्टा काढला, खारीच्या कानांच्या अगदी मागे चढवला, दोनदा हिसका दिला. दहा मिनिटांत खारी पुतळ्यासारखी बसली. आम्ही टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवलं होतं.

आता आठवतं की ती जीभ सारखी ओठांवरून फिरवत होती. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, नजर भिंतीकडे. घाबरलेलं कुत्रं असंच दिसतं. मला ते शिस्तीचं दिसलं, कारण आठवडाभर मला शांत बसलेलं कुत्रं बघायचं होतं.

‘ताई, ही स्वतःला अल्फा, म्हणजे कळपाची म्होरकी समजते. घर तिचंय असं दाखवायला सू करते. तो माज उतरवावा लागेल.’ हे ‘अल्फा’ प्रकरण मी नंतर वाचलं. १९४७ साली एका शास्त्रज्ञाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून कळपातल्या सत्तेबद्दल लिहिलं, त्यातून ही कल्पना पसरली. डेव्हिड मीच हे लांडग्यांचे अभ्यासक. आधी त्यांनीही ती उचलून धरली होती, पण १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं एवढाच असतो. म्हणजे पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून काढलेला निष्कर्ष सिंहगड रोडवरच्या लॅब्रॅडॉरला लावून माणूस २८ हजार मागत होता.

त्या दिवशी त्याने आम्हाला प्रश्न विचारले ते असे: फ्लॅट स्वतःचा का? साहेब कुठे असतात? गाडी कुठली? खारीबद्दल एकही नाही. किती वेळा सू करते, किती करते, एकटी किती वेळ असते, आधी कुठे होती, डॉक्टरला दाखवलंय का, काहीच नाही. या एका गोष्टीवरून मी त्याला तेव्हाच दाराबाहेर काढायला हवं होतं.

निम्मे पैसे, किट आणि गाडीभाडं त्याच दिवशी घेतलं, यूपीआयने, कुठल्या तरी बाईच्या नावावरच्या नंबरवर. पावती मागितली तर म्हणाला, ‘व्हॉट्सॲपवर टाकतो.’ किट म्हणजे एक साखळी, एक नायलॉनची दोरी आणि शिट्टी. लक्ष्मी रोडला चारशे-पाचशेत आलं असतं. पिरंगुटच्या पुढे त्याचा ‘फार्म’ होता, पण भेटायला यायचं नाही ही अट. ‘तुम्ही दिसलात की ती सगळं विसरेल.’ मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. तीन आठवडे फरशी पुसायला लागणार नव्हती.

आठव्या दिवशी व्हिडिओ आला. तेच लॉन, तीच लाल खुर्ची, आणि खारी हात मिळवतेय. मी कौतुकाने आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “ही आपली नव्हे.”

“अहो आई, खारीच आहे.”

“खारीच्या नाकावर उजव्या बाजूला गुलाबी ठिपका आहे. हिच्या कुठाय?”

मी म्हटलं, व्हिडिओत दिसत नसेल. आणि त्याच संध्याकाळी उरलेले १४,००० पाठवले. पेटी फाडलेल्या कुत्रीचा नाकावरचा ठिपका ज्या बाईला पाठ होता, तिचं मी ऐकलं नाही, याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

पंधराव्या दिवशी हीट. चार हजार. २१ चे २६ दिवस झाले आणि भर पावसात खारी परत आली. गेटपाशी त्याने साखळी खळखळवली, ती बसली. ‘बघा.’ मग तो गेला. वर आल्यावर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिरली आणि रात्रभर तिथून हलली नाही. सकाळी त्याच कोपऱ्यात शी-शू, आणि त्यातच ती झोपलेली. जूनमध्ये ती कुठेही सू करायची, पण स्वतःच्या गादीवर कधी नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन साडेतीन किलो कमी. गळ्याभोवती केस गेलेले, खाली कातडी लाल. कानांत गोचिड. कोपरांवर घट्टे, म्हणजे कडक जमिनीवर पडून राहणं. डॉक्टरांनी नखं दाखवली. रोज रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं बऱ्यापैकी झिजतात, हिची वळायला लागली होती. हीटची खूणही नव्हती. हीट साधारण तीन आठवडे चालते, अकरा-बारा दिवसांपूर्वी आली असती तर सूज किंवा स्राव काहीतरी दिसलं असतं.

मग डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. सू धार लागून होते की थेंब थेंब? झोपेत होते का? कुणी घरात आलं, वाकून हात लावला की होते का? पाणी किती पिते? मागची जागा सारखी चाटते का? थेंब थेंब आणि चाटणं, दोन्हीला माझं उत्तर ‘हो, जूनपासून’. लघवी तपासली तर मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. माद्यांमध्ये हा बऱ्यापैकी आढळतो. दोन आठवडे गोळ्या दिल्या आणि दिवसाला आठ वेळा होणारी सू चारवर आली. मी आजारी जनावराला शिस्त लावायला पाठवलं होतं.

झोपायच्या जागेचं मात्र गोळ्यांनी सुटणारं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की कुत्रं आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही, पिल्लूसुद्धा चालायला लागलं की बाजूला सरकून करतं. घरातली सवय लावताना आपण याच स्वभावाचा आधार घेतो. पण हातभर साखळीला दिवसचे दिवस बांधून ठेवलं की तिथेच झोपणं आणि तिथेच करणं भाग पडतं, आणि तो आधारच सुटतो. मी ज्याच्यासाठी पैसे दिले नेमकं तेच मोडून आलं होतं.

रविवारी आम्ही पिरंगुटच्या पुढे गेलो. गाडीवाल्याचा नंबर होता, त्याने जागा सांगितली. पत्र्याची शेड, बारा-पंधरा कुत्री, प्रत्येक साखळीला. ते हिरवं लॉन रस्त्यापलीकडचं, लग्नकार्याला भाड्याने देतात ते. लाल खुर्ची वॉचमनची. शेडमध्ये एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता. ट्रेनिंग कोण देतं विचारलं तर म्हणाला, “मी खायला टाकतो अन् पाणी मारतो. दादा रविवार सोडून एखाद्या दिवशी येतात.” व्हिडिओतली लॅब्रॅडॉर दादांची स्वतःची. ती तेवढी घरात राहते.

फोनवर ट्रेनर आधी हसला, मग म्हणाला घरचेच नियम पाळत नाहीत त्याला मी काय करू, मग नंबर ब्लॉक. पोलीस चौकीत सांगितलं की व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. गळ्याच्या जखमेचं विचारलं तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे म्हणाले. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. मी पार्किंगला त्याहून जास्त दिलेत. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. वकील ओळखीचे आहेत, त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते लेखी काय ठरलं होतं ते. माझ्याकडे यूपीआयचे स्क्रीनशॉट, रीलचं रेकॉर्डिंग, डॉक्टरांचा तारखेचा रिपोर्ट आणि खारीला नेण्याआधीचे फोटो आहेत. करार नाही. तुम्ही कुणाला कुत्रं सोपवणार असाल तर निदान नाव, पत्ता आणि काय शिकवणार हे एका कागदावर सही करून घ्या. आणि जागा दाखवायला जो नाही म्हणेल त्याला तिथेच नमस्कार करा.

खारीचं आता काय, तर काम आम्हीच करतोय, डॉक्टरांनी सुचवलेल्या एका मुलीच्या सल्ल्याने. ती घरी येते, तासाचे पैसे घेते आणि कुत्र्याला हात न लावता अर्धा वेळ आम्हालाच शिकवते. पहिल्या भेटीत तिने वहीभर प्रश्न विचारले. तिने सांगितलं की शी-शू कुठे करायची हे कुत्रं ज्या घरात राहतं त्या घरातच शिकतं. पिरंगुटला अगदी पहिला नंबर काढला असता तरी आमच्या जिन्याचं तिला काय कळणार होतं? फिनेल बंद केलं. त्याने आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, तिच्या नाकाला तो खाली येतच राहतो. एन्झाइमवालं क्लीनर आणलं, ते लघवीचे घटकच तोडतं. झोपून उठली, जेवली, खेळली की लगेच खाली, दर वेळी त्याच गुलमोहोराखाली, आणि झाल्या झाल्या तिथेच खाऊ. वर आल्यावर दिला तर तिला वाटतं लिफ्टमध्ये बसल्याचा मिळाला. घरात चुकलं तर गप्प पुसायचं, नाक घासायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. ओरडण्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

कुरतडण्याचं कारण जुन्या मोबाइलने सांगितलं. तो रेकॉर्डिंगला लावून बाहेर गेलो. दार बंद झाल्यावर सातव्या मिनिटाला ती चौकटीशी, विव्हळत. कंटाळलेलं कुत्रं केव्हाही काहीही फाडतं. ही मात्र आम्ही गेल्या गेल्या, दाराशीच सुरू करत होती, म्हणजे कंटाळा नव्हे, एकटं पडण्याची भीती. आधीची माणसं एक दिवस दारातून गेली ती आलीच नाहीत, असं माझा मुलगा म्हणतो. मग किल्ली उचलायची आणि सोफ्यावर बसायचं, चप्पल घालायची आणि काढायची, दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, मग दहा. महिनाभर हेच. समोरचे काका एकदा दार उघडून विचारून गेले की काही विसरलात का. जाताना तिला पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून, फ्रीझरमध्ये घट्ट करून देतो, पाऊण तास पुरतो. आता ती तीन तास एकटी राहते. सू सहा आठवड्यांत सुटली. कोपऱ्यातली शी सुटायला गणपती येऊन गेले.

परवा नवऱ्याने एक रील दाखवलं. पान वेगळं, नाव वेगळं, गॅरंटी १५ दिवसांवर आलेली. लॉन तेच आणि लाल खुर्चीही.

साखळीचा आवाज मात्र खारीला अजून सहन होत नाही. झोपाळ्याच्या कड्या वाजल्या की ती स्वयंपाकघराच्या त्याच कोपऱ्यात जायची. मागच्या आठवड्यात ऑफिसातून आले तर आई स्टुलावर चढलेल्या, त्यांच्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या झोपाळ्याच्या कड्यांना गुंडाळत होत्या. चारही झाल्यावर खाली उतरल्या, झोपाळ्यावर बसल्या, एक झोका घेऊन पाहिला. आवाज आला नाही. खारी कोपऱ्यात गेली नाही. झोपाळ्याजवळही अजून आलेली नाही, मधल्या दारात बसून बघत होती.